'ऐकत नाही' म्हणजे काय?

मुक्त विद्यालयाच्या संपर्क वर्गाला येणाऱ्या विद्यार्थिनींपैकी काहींच्या बोटाला धरून त्यांची लहान मुलेही येतात. घरी सांभाळणारे कोणी नसते आणि वर्ग तर चुकवायचा नसतो. मुले मागच्या बाकावर बसतात, वहीच्या कोऱ्या पानावर काहीबाही गिरवतात, कंटाळली की आईचा पदर ओढतात. एका रविवारी वर्ग सुटल्यावर अशीच एक विद्यार्थिनी आपल्या चार वर्षांच्या मुलाला चपला घालायला सांगत होती. तिने एकदा सांगितले, दोनदा सांगितले, मग आवाज चढवला आणि शेवटी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मूल रडू लागले. माझे लक्ष गेलेले पाहून ती ओशाळली आणि म्हणाली, "काय करू मॅडम, अजिबात ऐकत नाही."

लहान मुलांविषयीच्या तक्रारींत या तक्रारीइतकी जुनी आणि सार्वत्रिक तक्रार दुसरी नसेल. आजी नातवाविषयी, आई मुलाविषयी, बालवाडीच्या ताई साऱ्या वर्गाविषयी हेच सांगत असतात. परंतु हे वाक्य जरा थांबून पाहिले तर त्यातील 'ऐकणे' हा शब्द मोठा फसवा आहे असे ध्यानात येते. आपण गाणे ऐकतो तेव्हा हा शब्द केवळ कानाचा असतो. 'सून सासूचे ऐकते' असे म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ आज्ञा पाळणे असा होतो. 'तिचे म्हणणे तरी ऐकून घ्या' यात समजून घेण्याची विनंती असते. कानावर पडणे, समजणे आणि पाळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आपल्या भाषेने एकाच क्रियापदात बांधल्या आहेत. त्यामुळे मूल 'ऐकत नाही' असे म्हणताना नेमके काय घडत नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. बहुतेक वेळा आपण शेवटचा अर्थ गृहीत धरतो. मुलाने ऐकले, त्याला समजले आणि तरीही त्याने मुद्दाम केले नाही, असा निवाडा करून आपण मोकळे होतो. माझे मत असे की, या निवाड्यापर्यंत पोहोचण्याचा अधिकार आपल्याला फार थोड्या वेळा असतो.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना एका पावसाळ्यात त्याला सर्दी जडली ती महिना-दीड महिना हटेना. त्याच सुमारास तो 'हट्टी' होऊ लागला. हाक मारली तर ओ देईना. दूरदर्शनसंचाला नाक लावून बसे आणि आवाज मोठा करी. जेवायला बोलावले तर जागचा हलत नसे. बालवाडीतून निरोप आला, की मुलगा लक्ष देत नाही, आपल्याच तंद्रीत असतो. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवत होते. दिवसभर दुसऱ्यांच्या मुलांना शिस्त लावून घरी आल्यावर स्वतःच्या मुलाने दुर्लक्ष करावे, हे मला सहन होईना. एका संध्याकाळी चार हाका मारूनही त्याने मान वळवली नाही, तेव्हा मी मागून जाऊन त्याच्या गालावर चापट मारली. तो दचकला. त्याच्या चेहऱ्यावर रागापेक्षा आश्चर्य अधिक होते. ही शिक्षा कशाची, हेच त्याला कळले नव्हते.

ही गोष्ट प्रथम माझ्या सासूबाईंच्या लक्षात आली. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं, तो पाठमोरा असला की उत्तर देत नाही, तोंडासमोर उभं राहिलं की देतो. कान दाखव त्याचे." डॉक्टरांनी तपासून सांगितले, की दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साचले आहे. लहान मुलांत वारंवार सर्दी झाल्यावर असे होणे मुळीच दुर्मीळ नाही. कान दुखत नाही, वाहत नाही, ताप येत नाही. केवळ ऐकू कमी येते, आणि तेही रोज सारखे नाही. आज बरे, उद्या कमी. त्यामुळे 'हवे तेव्हा बरोबर ऐकू येते' असा आरोप करायला घरच्यांना निमित्तच मिळते. पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचे बोलणे जसे आपल्याला येते, तसे त्या मुलाला सारे घर ऐकू येत असते. आणि मूल स्वतः तक्रार करीत नाही, कारण याहून निराळे कसे ऐकू येते हे त्याला आठवत नाही. बहुतेक मुलांचे हे पाणी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आपोआप ओसरते. काहींना उपचार लागतात. माझ्या मुलाचे दिवाळीपर्यंत ओसरले. ती चापट मात्र अजून माझ्या हातावर आहे.

म्हणून आपले मूल ऐकत नाही असे वाटू लागले, तर सर्वांत आधी त्याच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात त्याच्या आवडीच्या खाऊचे नाव घेऊन पाहावे. ही काही खरी तपासणी नव्हे, पण शंका येण्यास पुरेशी आहे. शंका आली तर दवाखान्यात जावे. २०१३ पासून केंद्र सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू आहे. त्यात अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येणाऱ्या वैद्यकीय पथकाने मुलांच्या श्रवणदोषाकडेही पाहायचे असते. पथक येईल तेव्हा आपली शंका त्यांना सांगण्याचा संकोच करू नये.

कान ठीक असले तरी समजण्याचा प्रश्न उरतोच. आपण मुलांशी जे बोलतो ते त्यांच्या बाजूने ऐकून पाहिले तर अनेकदा हसू येईल. "जेवायला येतोस का?" असे आपण विचारतो. मूल प्रामाणिकपणे "नाही" म्हणते. आपण संतापतो. वस्तुतः आपण प्रश्न विचारला होता आणि त्याने त्याचे उत्तर दिले होते. "किती वेळा सांगायचं तुला?" याचे उत्तर एखाद्या मुलाने "तीन वेळा" असे दिले तर त्याला उद्धट ठरवतात. "पसारा आवर" ही मोठ्यांच्या दृष्टीने एक सूचना आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने ती वीस कामांची यादी आहे आणि त्यातले पहिले काम कोणते हे त्याला कोणी सांगितलेले नाही. त्याऐवजी "हे ठोकळे या डब्यात टाक" असे म्हटले, डबा पुढे सरकवला आणि पहिला ठोकळा आपण टाकला, तर तेच मूल आनंदाने कामाला लागते. दोन-अडीच वर्षांचे मूल "चेंडू उचल आणि मला दे" अशी जोडलेली दोन कामे करू शकते. त्याला "चेंडू उचल, हात धू, दार लाव आणि आजीला बोलाव" असे सांगणारा माणूस चूक करतो, मूल नव्हे.

नकाराची गंमत याहून निराळी आहे. "पळू नकोस", "सांडू नकोस", "हात लावू नकोस" अशा 'नको'च्या माळा आपण दिवसभर ओवत असतो. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास लहान मुलांवर केलेले प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहेत. ते मुलाच्या हातात रबरी फुगा देत आणि तो केव्हा दाबायचा व केव्हा दाबायचा नाही हे सांगत. दोन-तीन वर्षांच्या मुलांना 'दाब' म्हटले की दाबता येई. पण सुरू झालेली कृती केवळ शब्दाने थांबवणे त्यांना फार जड जाई. 'दाबू नकोस' म्हटल्यावर काही मुले अधिकच दाबत. हा मुलांचा खट्याळपणा नव्हता. शब्द हा आधी कृतीला चालना देतो आणि स्वतःला आवरण्याचे बळ त्यानंतर हळूहळू येते, असा त्याचा अर्थ. तेव्हा "पळू नकोस" यापेक्षा "माझा हात धरून हळू चाल" हे वाक्य मुलाच्या हाती काही तरी देते. 'नको' म्हटल्यावर काय करायचे, हे कोडे त्याला सोडवावे लागत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या अनेक कुटुंबांत याला आणखी एक पदर असतो. इंदूर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत घरात मराठी, अंगणात दुसरी भाषा आणि शाळेत तिसरी, अशी स्थिती पुष्कळ मुलांची असते. शाळेत गेल्यावर पहिले काही महिने मूल बाईंची सूचना ऐकते, तिचा अर्थ लागत नाही, मग शेजारच्या मुलांनी काय केले ते पाहते आणि त्यांच्यामागून तसेच करते. त्यामुळे ते प्रत्येक वेळी क्षणभर उशिरा उठते, उशिरा बसते, उशिरा वही काढते. हा उशीर बाईंना मंदपणा वाटतो. खरे तर एवढ्या वेळात त्या मुलाने केलेले काम वर्गातील इतर कोणीच केलेले नसते.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकातील शिक्षक चौथीच्या वर्गावर प्रयोग करायला जातो, तेव्हा पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. शांततेचा खेळ घेण्याचे त्याने मोठ्या हौसेने योजलेले असते; मुले मात्र चित्रविचित्र आवाज काढून वर्ग डोक्यावर घेतात. दुसऱ्या दिवशी तो शांततेचा आग्रह सोडून गोष्ट सांगू लागतो आणि तीच मुले चिडीचूप होतात. मला या पुस्तकात सर्वांत मोलाची वाटते ती ही फजिती. लेखकाने ती लपवली नाही. ऐकण्याजोगे काही तरी आपल्यापाशी असावे लागते, ही साधी गोष्ट त्या शिक्षकाला वर्गाने शिकवली.

ज्या खेळात तो फसला तो मूळचा मारिया माँटेसरी यांचा. मुले आपखुशीने स्तब्ध बसतात, मग शिक्षिका दुसऱ्या खोलीतून एकेकाचे नाव अगदी कुजबुजत्या आवाजात घेते आणि नाव ऐकू आलेले मूल पावलांचा आवाज न करता तिच्याकडे जाते. आवाज जितका हळू, तितकी मुले अधिक कान देतात. घराघरांतील आपली रीत याच्या नेमकी उलट आहे. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ओरडून दिलेल्या दहा सूचनांपेक्षा जवळ जाऊन, खाली वाकून, नाव घेऊन सांगितलेली एक सूचना कमी श्रमाची असते. जाण्याचे दहा पायऱ्यांइतके कष्ट आपण वाचवतो आणि घसा मात्र फोडून घेतो.

गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्यासह १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते कोसबाडला नेले. तेथील आदिवासी मुले शाळेत येत नसत. मुले बोलावूनही येत नाहीत, असे म्हणून त्यांना थांबता आले असते. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. मुले का येत नाहीत, याचे उत्तर त्यांनी मुलांच्या आयुष्यात शोधले.

"हे सारे ठीक आहे, पण आम्ही मार खाऊनच मोठे झालो," असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या पुस्तकाच्या वाचकांपाशी तरी मी या म्हणण्याला मान डोलावणार नाही. आपल्यापैकी कित्येकांची शाळा अर्ध्यावर सुटली. त्यामागे गरिबी होती, लग्न होते, घरची आजारपणे होती, हे खरेच; पण एखाद्या गुरुजींच्या छडीच्या भीतीने शाळेच्या वाटेवरून माघारी फिरलेला मुलगा किंवा मुलगीही आपल्यात आहेच. मार खाऊन मोठे झालेले आपल्याला दिसतात, मार खाऊन गळून गेलेले सांगायला येत नाहीत. २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली, ती उगाच नव्हे. घरात कायदा पोहोचत नाही. तेथे आपल्यालाच आपला हात आवरावा लागतो.

माराने मूल ताबडतोब गप्प होते हे मी नाकारत नाही. पण त्या क्षणी ते मारणाऱ्या हाताकडे पाहत असते. सांगितलेल्या गोष्टीकडे त्याचे लक्ष नसते. धमकीचेही तसेच. "आता ऐकलं नाहीस तर तुला इथेच सोडून जाईन" असे आई बसथांब्यावर म्हणते आणि अर्थातच सोडून जात नाही. दोन-चार वेळा असे झाले, की आईचे शब्द खरे धरायचे नसतात हा धडा मूल पक्का करते. मग आपण म्हणतो, ऐकत नाही. बागुलबुवापेक्षाही "पोलीस पकडून नेईल" ही धमकी मला अधिक घातक वाटते, कारण जत्रेत हरवलेल्या मुलाने ज्याच्याकडे धावत जायचे, त्यालाच ते भिऊ लागते. डॉक्टरांच्या सुईची गोष्टही याच जातीची.

याचा अर्थ मुलाच्या सगळ्या लहरी झेलाव्यात असा नव्हे. उलट, जी मर्यादा एकदा घातली ती पाळली गेलीच पाहिजे, म्हणूनच मर्यादा थोड्या असाव्यात. शेगडीजवळ जायचे नाही, रस्ता हात धरूनच ओलांडायचा, दुसऱ्याला मारायचे नाही, एवढ्यांत तडजोड नाही. बाकी सदरा निळा की पिवळा, आधी दूध की आधी आंघोळ, हे त्याला ठरवू द्यावे. काम करवून घेण्यासाठी दर वेळी चॉकलेट किंवा मोबाईल पुढे करणे ही धमकीचीच गोड बाजू आहे. काही दिवसांनी मूल भाव वाढवते. आणि दिवसभर कामावर राबून एका खोलीच्या घरात परतलेल्या आईबापांना प्रत्येक वेळी खाली वाकून, शांतपणे बोलणे जमेलच असेही नाही. मलाही जमले नाही. चिडल्यावर नंतर "मी उगाच ओरडले" असे मुलाला सांगता येते. त्याने आईबापांचा मान कमी होतो असा माझा तरी अनुभव नाही.

त्या रविवारी चपलांसाठी अडून बसलेल्या मुलाजवळ मी बसले आणि "काय झालं रे?" एवढेच विचारले. बराच वेळ त्याने काही सांगितले नाही. मग पाय पुढे केला. चप्पल लहान झाली होती. टाचेवर चावल्याची लाल खूण होती. "चावते," तो म्हणाला. सकाळी घालताना त्याने आईलाही सांगितले होते, पण तेव्हा बस चुकण्याची घाई होती. म्हणजे त्या दोघांत आधी कोणी कोणाचे ऐकले नव्हते, हा हिशेब सोपा नाही.

एक गोष्ट राहिली. सांगितलेले निमूट ऐकणारे मूल आपल्याला फार आवडते. "अगदी गुणाचं, कोणी काही सांगितलं तरी ऐकतं," असे आपण कौतुकाने म्हणतो. 'कोणी काही सांगितलं तरी' या शब्दांची मला आता धास्ती वाटते. लहान मुलांवर होणाऱ्या लैंगिक अत्याचारांविरुद्ध २०१२ मध्ये आपल्या देशाला स्वतंत्र कायदा करावा लागला. असे अत्याचार करणारी माणसे बहुधा ओळखीची, घरात येणारी-जाणारी असतात आणि 'मोठ्यांचे ऐकावे' ही आपलीच शिकवण त्यांच्या उपयोगी पडते. ज्या मुलाचा नकार घरात कधीच ऐकला गेला नाही, त्याने बाहेर तो कोणत्या आवाजात उच्चारावा?

माझ्या शेजारी एक मुलगी आहे, पाच वर्षांची. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे गावाहून एक दूरचे काका आले होते. आजी तिला म्हणाली, "जा, काकांना पापी दे." ती आईच्या मागे लपली. आजीने पुन्हा सांगितले, "मोठ्यांचं ऐकावं, बाळा." तेव्हा तिची आई शांतपणे म्हणाली, "राहू द्या आई, तिला नको आहे. ती लांबूनच नमस्कार करेल." काका जरासे नाराज झाले. मुलीने लांबूनच हात जोडले आणि ती खेळायला पळाली.